उरकशास्त्र : कर्त्या पुरुषांसाठी

ज्या गृहस्थाला नोकरी, घर, आरोग्य आणि आत्मविकास या सगळ्याच आघाड्या सांभाळायच्या आहेत, त्याने सर्वप्रथम पहाटे पाचला उठावे. याबाबत जाणकारांत मतभेद नाही. रॉबिन शर्मा यांचे ‘द फाइव्ह एएम क्लब’ 2018 मध्ये आले. पण बेंजामिन फ्रँकलिन यांनी अठराव्या शतकातच, आपला दिवस पाचला सुरू होतो असे वेळापत्रक आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

पाचला डोळे उघडल्यावर स्वयंपाकघरात दिवा दिसल्यास गोंधळू नये. घरातली एक व्यक्ती या क्लबाची जुनी सभासद आहे. तिने पुस्तक वाचलेले नसल्यामुळे तिचे उठणे आत्मविकासात धरता येत नाही. शर्मा या पहिल्या तासाचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग पाडतात : व्यायाम, चिंतन आणि अध्ययन. तिकडे पहिल्या वीस मिनिटांत कणीक भिजते, दुसऱ्या वीसात भाजी फोडणीला पडते आणि तिसऱ्या वीसात डबे भरतात. दोन्ही कार्यक्रम समांतर चालू शकतात. फक्त चिंतनाच्या वेळेत मिक्सर लावू नये, अशी विनंती आदल्या रात्री करून ठेवावी. चटणी काय, नंतरही वाटता येते.

फ्रँकलिनसाहेबांकडून आणखी एक गोष्ट घ्यावी, ती म्हणजे तक्ता. त्यांनी तेरा सद्गुण निवडले आणि जिथे चुकेल तिथे काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. त्यातल्या व्यवस्थितपणाने आपल्याला फार छळले, असे ते प्रांजळपणे सांगतात. पत्नी डेबोरा दुकान बघे, पुस्तिकांची पाने दुमडून शिवून देई, कागद करणाऱ्यांसाठी जुन्या चिंध्या विकत घेई, हेही त्यांनी कौतुकाने नोंदवले आहे. तिच्या ठिपक्यांचा तक्ता आत्मचरित्रात नाही.

सुरुवात कधी करावी, हा प्रश्न घाईने सोडवू नये. नवे वर्ष, नवा आठवडा, वाढदिवस अशा दिवशी माणसाला नव्याने सुरुवात करण्याची उभारी येते, असे हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी 2014 मध्ये शोधनिबंध लिहून दाखवले. आपल्याकडे त्यासाठी साडेतीन मुहूर्त पूर्वीपासून राखून ठेवलेले आहेत. एक जानेवारी हुकली तर पाडवा, पाडवा हुकला तर अक्षय्य तृतीया. पितृपक्षात नवे काही करायचे नसतेच. दसरा गेला तर दिवाळीचा पाडवा अर्धा का होईना, मुहूर्त आहे. आणि तिथून एक जानेवारी कितीशी लांब?

सवय लागायला 21 दिवस पुरतात ही अफवा आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात असे 1960 मध्ये लिहिले आणि लोकांनी ‘निदान’ गाळले. पुढे लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी मोजले तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले. माणसागणिक आकडा 18 पासून 254 पर्यंत गेला. सुज्ञाने 254 धरून चालावे. तोवर कोणी हिशोब मागू शकत नाही.

आता मुख्य अंगाकडे वळू. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1954 मध्ये एका भाषणात तातडीचे आणि महत्त्वाचे यांत फरक करणारे वचन सांगितले. स्टीफन कोवी यांनी 1989 च्या आपल्या पुस्तकातून त्या विचाराचा चार घरांचा तक्ता जगभर पोचवला. महत्त्वाचे आणि तातडीचे काम स्वतः करावे. महत्त्वाचे पण तातडीचे नसलेले, त्याला वेळ नेमून द्यावी. दोन्ही नसलेले सोडून द्यावे. तातडीचे पण आपल्या लेखी महत्त्वाचे नसलेले दुसऱ्यावर सोपवावे. आयझेनहॉवरांकडे सोपवायला व्हाइट हाउसचा कर्मचारीवर्ग होता. आपल्याकडे ‘अगं’ आहे.

या ‘अगं’ घरात आईच्या बीपीच्या गोळ्या, मुलीची पालकसभा, नळाचा वायसर, मावसबहिणीच्या लग्नाचा आहेर आणि सोसायटीचा मेन्टेनन्स टाकावा. सोपवताना हुकूम सोडू नये, ते असभ्य दिसते. साधा प्रश्न विचारावा : ‘अगं, गॅसचा नंबर लावलास का?’ या एका वाक्यात काम तर सोपवले जातेच, शिवाय ते विसरल्याचा दोषही त्याच फटक्यात पलीकडे पोचतो. व्यवस्थापनशास्त्रात इतके काटकसरीचे वाक्य दुसरे माझ्या पाहण्यात नाही. नवशिक्यांनी रोज दोन ‘अगं’पासून सुरुवात करावी.

पलीकडे या सगळ्यासाठी वापरले जाणारे साधन अगदीच प्राथमिक आहे. फ्रिजशेजारी खिळ्याला कालनिर्णय लटकलेले असते. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या या दिनदर्शिकेत संकष्टीच्या एका चौकोनात दुधाचा खाडा, बाईंचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख आणि भाच्याचे बारसे असे सगळे बॉलपेनने कोंबलेले आढळते. रंगांचे संकेत नाहीत, आलेख नाही, मोबाइलला जोडायची सोय नाही. याला पद्धत म्हणता येणार नाही. घरात काही विसरले जात नाही, तो निव्वळ योगायोग समजावा.

एकाग्रतेसाठी पोमोडोरो तंत्र उत्तम. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ अभ्यासाला घेतले : 25 मिनिटे काम, 5 मिनिटे विश्रांती. यातल्या 25 मिनिटांत हमखास सूचना येते, ‘अहो, तीन शिट्ट्या झाल्या की कुकर बंद करा हं.’ ही सूचना स्वीकारू नये आणि नाकारूही नये. ‘हं’ म्हणावे. चौथी, पाचवी, सहावी शिट्टी होऊ द्यावी. करपल्याचा वास येईपर्यंत घड्याळ वाजलेलेच असते. तेव्हा बाहेर येऊन, कॅल न्यूपोर्ट यांनी 2016 मध्ये ‘डीप वर्क’ म्हणून जे वर्णिले ते हेच, असे शांतपणे समजावून सांगावे. दोन-तीन कुकर गेल्यावर अशी सूचना पुन्हा येत नाही. व्यत्ययमुक्त वातावरण निर्माण करणे म्हणतात ते हेच.

एक सवय मात्र कटाक्षाने टाळावी. संध्याकाळच्या परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात मटार सोलणे, मेथी निवडणे आणि त्याच वेळी फोनवर मुलाला पाढे म्हणायला लावणे असे प्रकार सर्रास चालतात. एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो, हे सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवून दिले आहे. हे बायकोच्या कानावर घालावे. मेथी निवडून झाल्यावर घालावे.

डेव्हिड ॲलन यांचा 2001 मधला दोन मिनिटांचा नियमही जपून वापरावा. दोन मिनिटांत होणारे काम लगेच करून टाका, असे तो सांगतो. कचेरीत ठीक आहे, घरात तो लावणे धोक्याचे. ओला टॉवेल दांडीवर टाकणे, बाटल्या भरणे, दूध फ्रिजमध्ये ठेवणे, कचरा बाहेर ठेवणे, यांतले काय दोन मिनिटांपेक्षा जास्त आहे? एकदा नियम मानला की सकाळ संपली. म्हणून तो व्हॉट्सॲपवरच्या उत्तरांपुरता ठेवावा.

काम हाताशी असलेल्या वेळेएवढे फुगते, हा सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांचा 1955 मधला सिद्धांत. त्यांच्या उदाहरणातल्या वृद्ध बाईंचा भाचीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस जातो. त्यात एक तास चष्मा शोधण्यात आणि अर्धा तास पत्ता शोधण्यात. कामसू पुरुषाला याला तीन मिनिटे लागतील, असे पार्किन्सन म्हणतात. ती तीनच का लागतात, हे त्यांनी उलगडलेले नाही, पण प्रत्येक कर्त्या पुरुषाला ठाऊक आहे. तो बसल्या जागेवरून ‘माझा चष्मा कुठंय?’ असे विचारतो.

आपली प्रगती किती, हे पाहायला सरकारी आकडे आहेत. 2019 च्या वेळ-वापर पाहणीत, सहा वर्षांपुढच्या पुरुषांपैकी शंभरातले 26 जण घरातल्या बिनपगारी कामाला हात लावताना आढळले. त्यांचा दिवसाला सरासरी 97 मिनिटे वेळ त्यात गेला. 2024 च्या पाहणीत तो 88 वर आला. पाच वर्षांत नऊ मिनिटांची बचत! बायकांचाही 299 वरून 289 वर आला, तेव्हा तक्रारीला जागा नाही. उरलेल्या 88 मिनिटांत जवळजवळ तीन पोमोडोरो मावतात, हे लक्षात घ्यावे. 2019 चे बाकीचे 74 जण या शास्त्रातले सिद्धपुरुष होत. त्यांत शाळकरी मुलगेही आले; सवय लहानपणीच लावलेली बरी.

शेवटी आपत्कालीन व्यवस्था. बायको आठ दिवस माहेरी निघाली तर तक्ता, घड्याळ आणि पहाट हे तिन्ही तात्पुरते स्थगित ठेवावे. ॲपमध्ये सुट्टीची सोय असते. तिची गाडी सुटण्यापूर्वी बाईंचा फोन नंबर, इस्त्रीवाल्याचा हिशोब आणि आईच्या सकाळच्या गोळ्या कोणत्या नि रात्रीच्या कोणत्या, हे लिहून घ्यावे. स्वयंपाकघरात डब्यावरच्या नावांवर विसंबू नये. बोर्नव्हिटाच्या डब्यात तूरडाळ असते, साखरेच्या डब्यात रवा. चहाची पावडर कशात आहे हे विचारायचे राहिले असेल तर फोन करावा, पण पाचला करू नये. माहेरी ती झोपलेली असते.