निरंक

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला येणाऱ्यांमध्ये एक उतरंड आहे. सगळ्यांत वर बायपासवाले. शर्टाचं वरचं बटण उघडं टाकून छातीवरची खूण ते जानव्यासारखी सहज दिसू देतात. त्यांच्याखाली स्टेंटवाले, आणि त्यांच्यातही पोटभेद. सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणून ठेवली. त्याआधी तीच वस्तू लाखाच्या घरात जायची. त्यामुळे २०१७ पूर्वीचे स्टेंटवाले नंतरच्यांकडे "तुमचं काय, स्वस्तात झालं" अशा नजरेने बघतात. त्यांच्याखाली नुसत्या गोळ्यांवर असलेले. आणि ज्यांना काहीच झालेलं नाही, त्यांनी खुशाल हवा खावी. त्यांना मत विचारण्याची पद्धत नाही.

या उतरंडीत आमच्या क्लोजिंगसाहेबांना कुठे बसवायचं, हा वाद अजून मिटलेला नाही. त्यांची छाती दुखली, ते आयसीयूत राहिले, अँजिओग्राफी झाली. पण निघालं काहीच नाही. बायपासवाले त्यांना नवशिक्या समजतात आणि धडधाकट मंडळी त्यांना पेशंट समजून चढावर हात देतात. साहेबांना दोन्ही झोंबतं.

साहेब एका सरकारी बँकेच्या शाखेचे मॅनेजर. क्लोजिंगसाहेब हे नाव सोसायटीने दिलेलं. क्लोजिंग म्हणजे ३१ मार्चची हिशेबबंदी; जानेवारी संपला की त्यांच्याकडे कशालाही एकच उत्तर असतं. भाच्याच्या लग्नाला येणार का? क्लोजिंगनंतर. दाढ किडलीय. क्लोजिंगनंतर बघू. मुलगा दहावीला कोणत्या साली होता, हे त्यांना झटकन आठवत नाही. "आपले एनपीए साडेसात टक्क्यांवर गेले होते ना, त्या वर्षी" असं ते सांगतात. ही माणसं फक्त बँकेत असतात असं नाही. कारखान्यात असतात, झेडपीत असतात, शाळेच्या कार्यालयात तर हमखास असतात. डबा चार वाजता उघडतात. महाबळेश्वरला गेली तर वेण्णा लेकच्या काठावर फोनला रेंज शोधत उभी राहतात. यांची रजा साठून साठून लॅप्स होते, आणि लॅप्स झालेल्या रजेचा आकडा ती चारचौघांत पगारासारखा लपवत नाहीत, मोठ्याने सांगतात.

२०२४ साली ३१ मार्च रविवारी आला. रिझर्व्ह बँकेने सरकारी व्यवहार करणाऱ्या बँकांना त्या रविवारीही शाखा उघड्या ठेवायला सांगितलं. स्टाफ हळहळला. साहेब मात्र खुशीत होते. त्यांच्या मते क्लोजिंगला द्यायला हवा तो मान मिळत होता. आदल्या दिवशी, पाचव्या शनिवारी, ते एका फॅब्रिकेशनवाल्याला फोन करत होते. हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की कर्ज एनपीए होतं, आणि या गृहस्थाचे नव्वद दिवस रविवारी भरत होते. तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "साहेब, सोमवारी नक्की."

सोमवारी म्हणजे १ एप्रिल. साहेबांच्या छातीत कळ आली ती त्या 'नक्की'वर.

मग शाखेत उपचार सुरू झाले. शिपायाने ओवा आणला. क्लार्कने सोडा मागवला. लोन सेक्शनच्या अधिकाऱ्याने बेंबीला हिंग लावायचं सुचवलं, पण साहेबांच्या बेंबीपर्यंत जाण्याइतका सीनियर कुणी नव्हता. घाम मात्र थांबेना. शेवटी हेड कॅशियर बाई काउंटर बंद करून आल्या. त्यांनी ओव्याची पुडी शिपायाच्या हातात परत ठेवली आणि म्हणाल्या, "रिक्षा आणा. मी बरोबर येते."

इथे साहेबांनी हात वर केला. शाखेच्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक साहेबांकडे, दुसरी बाईंकडे. दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नाही आणि दोन्ही एकाच्या हाती कधी जाता कामा नयेत. घामाघूम झालेले साहेब खुर्चीला धरून म्हणाले, "दोन्ही किल्ल्या एका रिक्षातून जाणार नाहीत." बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या रिक्षात साहेब आणि शिपाई, मागच्या रिक्षात बाई, अशी तिजोरीची ती मिरवणूक कर्वे रोडवरून हॉस्पिटलात पोचली. मागच्या रिक्षाचं भाडं नंतर कोणत्या खात्याला टाकायचं, यावर एक पत्रव्यवहारही झाला म्हणतात.

हॉस्पिटलात ईसीजी ठीक निघाला. रक्तातलं ट्रोपोनिनही ठीक. पण ते वाढायला काही तास लागतात, त्यामुळे पहिल्या आकड्यावर डॉक्टर विसंबत नाहीत; पुन्हा तपासायचं ठरलं आणि साहेबांना आयसीयूत ठेवलं. नर्सने अंगावरच्या वस्तू काढायला सांगितल्या. अंगठी दिली, घड्याळ दिलं, किल्ली देईनात. वहिनींच्या हातातही देईनात. संध्याकाळी शाखेतला ज्युनियर अधिकारी किल्ल्यांचं रजिस्टर घेऊन आला तेव्हा कुठे रीतसर हस्तांतर झालं. उजव्या हाताला सलाइन, म्हणून साहेबांनी डाव्या हाताने सही केली. पोराने ती वरच्या सह्यांशी ताडून पाहिली आणि चाचरत म्हणाला, "सर, डिफर होतेय." साहेबांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं समाधान तेव्हा उमटलं. पोरगा तयार झाला होता.

सोमवारी मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी झाली. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "धमन्या एकदम स्वच्छ. हा सगळा ताण आहे. कामाचं जरा बघा." वहिनींनी हात जोडले. साहेबांचा चेहरा पडला.

"म्हणजे काहीच निघालं नाही?"

"काहीच नाही."

"निरंक?" साहेबांनी खात्री करून घेतली. इतका खर्च, इतकी धावपळ, आयसीयूतले दोन दिवस, ऐन क्लोजिंगला गैरहजेरी. आणि वर कळवायला एक साधा ब्लॉकेज नाही. तारीखही नेमकी १ एप्रिल.

पण खरा धक्का दुपारी बसला. शाखेला फोन लावून त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "कुठवर आलंय?" पलीकडून तोच पोरगा म्हणाला, "सर, झालं की. काल साडेआठलाच घरी गेलो सगळे." जुळलं? जुळलं. साहेब बँकेत लागले तेव्हा खातेवह्यांच्या बेरजा हाताने जुळवायच्या आणि एका रुपयाच्या फरकासाठी पहाट करायची, जेवण बँकेचं. पुढे संगणक आले, मग सगळ्या शाखा एका मोठ्या यंत्रणेला जोडल्या गेल्या, आणि बेरजा कधीच शाखेच्या हातात राहिल्या नाहीत. तरीही साहेब दरवर्षी मध्यरात्रीपर्यंत सगळ्यांना बसवून घ्यायचे. आता कळलं की यंत्रणेला त्याची गरज नव्हती. तो फॅब्रिकेशनवाला? त्यानेही शनिवारीच पैसे भरले होते. "तुमच्याशी बोलता बोलताच साहेब आयसीयूत गेले" एवढं क्लार्कने त्याला कळवलं होतं. साहेबांनी वसुलीचे जेवढे मार्ग आजवर चोखाळले, त्यांत इतका परिणामकारक कोणताच नव्हता. फोन ठेवला तेव्हा मॉनिटरवरचे आकडे हलले, असं वहिनी सांगतात. अँजिओग्राफीच्या वेळी हलले नव्हते.

माणसं मरणाला भितात हे आपण उगाच म्हणतो. या जातीची माणसं भितात ती आपल्यावाचून साडेआठला घरी जाणाऱ्या स्टाफला.

घरी आल्यावर साहेबांनी आयुष्याची फेरमांडणी हाती घेतली. 'हाती घेतली' हाच शब्द त्यांनी वापरला, आणि वहिनींनी त्याच वेळी ओळखायला हवं होतं. पहिल्या आठवड्यात आरोग्याची फाइल झाली, तिला विभाजक लागले. डॉ. दीक्षितांची दोनदा जेवायची पद्धत त्यांना भावली, कारण तिच्यात जेवण ५५ मिनिटांत संपवायची मुदत आहे. शेजारच्या काकूंनी ऋजुता दिवेकरांचं दर दोन तासांनी थोडं खाण्याचं सांगितलं, तेही त्यांनी टिपून घेतलं. कुठलाच गट दुखवायचा नाही म्हणून सोम-बुध-शुक्र एक आणि उरलेले दिवस दुसरं. मनगटावर घड्याळ आलं; ते दिवसाला दहा हजार पावलं मोजून घेतं आणि ताण वाढला की थरथरतं. ते थरथरलं की साहेब दचकतात, दचकले की ते पुन्हा थरथरतं. रात्री अकराला खालच्या मजल्यावरच्यांना डोक्यावर पावलं ऐकू येतात. ती शेवटची आठशे.

मीही या प्रकरणात थोडं तेल ओतलं. मी त्यांना फ्रीडमन आणि रोझेनमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांबद्दल सांगितलं. १९५८ साली त्यांनी एक अभ्यास छापला होता. हिशेबनिसांचं रक्त त्यांनी महिनोन्महिने तपासलं आणि दाखवलं की करभरणीची अखेरची तारीख जवळ आली की या माणसांचं कोलेस्टेरॉल चढतं, रक्त लवकर गोठू लागतं, आणि तारीख टळली की पुन्हा उतरतं. तिकडची तारीख १५ एप्रिल. सतत घाईत, सतत घड्याळाशी भांडणाऱ्या स्वभावाला 'टाइप ए' हे नाव याच दोघांचं. पुढच्या संशोधनाने त्यांचे बरेच दावे पातळ केले, पण ते मी साहेबांना सांगितलं नाही. अमेरिकेत क्लोजिंगवर शास्त्रीय अभ्यास झालाय हे ऐकून ते इतके हेलावले होते. फ्रीडमन स्वतः याच जातीचे. ते हृदयविकारातून उठले आणि पेशंटना घाई सोडायचे धडे देऊ लागले. त्यातला एक धडा असा, की मुद्दाम सगळ्यांत लांब रांगेत उभं राहायचं. गृहस्थ ९० वर्षं जगले.

दुसऱ्या दिवशी साहेब पुण्यातल्या सगळ्यांत लांब रांगेत, म्हणजे सीएनजी पंपावर, गाडी घेऊन उभे. पहिल्या दिवशी ते खरोखर नुसते उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधे घुसणाऱ्या रिक्षाला हटकलं. आठवडा संपायच्या आत रांगेतल्या गाड्यांना त्यांच्या हस्ताक्षरातले नंबर मिळू लागले होते आणि पंपाचा मॅनेजर त्यांना चहा पाठवत होता. रांग इतकी भराभर सरकू लागली, की धड्याचा हेतूच संपला. त्यांना दुसरा पंप शोधावा लागला.

टेकडीवरचा प्रश्न मात्र सुटत नव्हता. निरंक माणसाला तिथे पत नाही. अशात साहेबांना कुठेतरी ताकोत्सुबोचा शोध लागला. जपानमधल्या डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णन केलेला हा विकार. जबर मानसिक धक्क्याने हृदयाचा कप्पा अचानक फुगतो आणि त्याचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा दिसतो. अस्सल हार्ट अटॅकची लक्षणं, आणि धमन्या मोकळ्या! साहेबांना वाटलं, हेच आपलं. फाइल घेऊन ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी जुना टूडी एको पुन्हा पाहिला आणि म्हणाले, "नाही हो. तुमचा कप्पा व्यवस्थित आहे. आणि हा विकार बहुतेक करून बायकांना होतो, पाळी गेल्यानंतरच्या वयात."

साहेब गप्पच घरी आले. वहिनी भाजी निवडत होत्या. वय बरोबर तेच. ताणाबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. आयसीयूच्या बाहेर त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होत्या तेव्हाही नाही. साहेबांनी तिथल्या तिथे त्यांची अपॉइंटमेंट घेतली. इथे त्या माणसाला पूर्ण गुण दिले पाहिजेत; लग्नानंतर प्रथमच त्यांनी एखादी गोष्ट क्लोजिंगआधी केली, फेब्रुवारी चालू असताना.

वहिनींचा कप्पाही व्यवस्थित निघाला. ब्लडप्रेशर मात्र थोडं वर. डॉक्टरांनी घरी रोज वेगवेगळ्या वेळी मोजून लिहून ठेवायला सांगितलं. साहेबांना हवं तेच मिळालं. एक्सेलमध्ये तक्ता झाला, आलेख झाला, शेवटी 'शेरा' असा रकाना. सकाळी साडेसहाला, साहेब टेकडीवर असताना, १२४/८०. आठला, साहेब परतल्यावर, १४६/९२. दुपारी साहेब बँकेत, १२६/८२. रविवार सकाळपासूनच वर. हा आलेख घेऊन ते टेकडीवर आले आणि प्रत्येकाला विचारू लागले, "आठ वाजता नेमकं काय होतं?" बायपासवाले एकमेकांकडे बघू लागले. मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. साहेबांचा संशय दुधावर होता. तोवर रतीब बदलूनही झाला होता.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला, रविवारी आला. साहेब घरी होते. गुढी त्यांनी स्वतः उभारली, ओळंबा लावून. आम्हा शेजाऱ्यांना श्रीखंडाला बोलावलं होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी घसा साफ केला. प्रमोशनच्या मुलाखतीचं पत्र आलं होतं. स्केल फोर, म्हणजे बदली बहुधा ईशान्येकडे, दोन-तीन वर्षं. वहिनींच्या दंडाला तेव्हा पट्टा बांधलेला होता, कारण दुपारचं मोजमाप राहिलं होतं.

"मी नकार कळवलाय," साहेब म्हणाले. "काम काम करून काय मिळवलं? आता संध्याकाळी साडेपाचला घरी. सुटीचे शनिवार-रविवार पूर्ण घरी. रिटायरमेंटपर्यंत इथेच, तुझ्यासोबत."

मशीनने पट्टा आवळला, सोडला आणि टूं टूं केलं. १५८/९६. साहेबांनी चष्मा लावून आकडा दोनदा पाहिला, तक्ता उघडला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "श्रीखंड."