पेटीकाका

रत्नागिरीत ‘पेटी’ म्हटलं की हापूस आठवतो आणि ‘टिळक’ म्हटलं की लोकमान्य. आमच्या ख्रिस्ती मंडळीतले पेटीकाका दोन्हीला अपवाद. त्यांची पेटी वाजते आणि त्यांचे टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन. “करजगावचे! आपल्याच जिल्ह्यातले!” असं सांगताना १८६१ सालचा तो जन्म ते असा रंगवतात, की बारशाला साथ यांचीच असावी.

हंगामाच्या सणाला वेदीपुढे आंब्याची पेटी येते. लिलाव कितीवर गेला याच्याशी काकांना देणंघेणं नसतं. तिच्यातला पेंढा आपल्या भात्यात शिरू नये, एवढीच काळजी. पावसाळ्यात तर त्यांची पेटी आजारीच. पट्ट्या फुगतात, सूर गंजतात. मग रात्रभर तिच्याशेजारी बल्ब जळतो. काकू म्हणतात, “माझ्या गुडघ्यांना कधी दिवा दाखवलान नाही.”

काकांचं एक गुपित होतं, सगळ्यांना माहीत असलेलं. त्यांची बोटं फक्त काळी दोनमध्ये रुळलेली. त्यामुळे चाळीस वर्षं सगळी मंडळी काळी दोनमध्येच स्तुती करत आली. बायकांचे आवाज पाताळात गेले काय नि पुरुषांचे गळे फाटले काय.

गेल्या वर्षी तरुण संघाने कीबोर्ड आणला, ड्रम आणले, गायनाचे शब्द भिंतीवर झळकू लागले. काका कडाडले, “ही उपासना आहे की वरात? टिळकांची भजनं अशी बडवायची?”

संघातली एक मुलगी अभ्यास करून आली होती. “काका, टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. तेव्हा देवळात विलायती चालींचंच राज्य होतं ना? त्यांनी अभंग-भजनं आणली, तीही तेव्हा नवीच की. आणि पेटी तरी कुठे आपली? ती पॅरिसची.”

“पॅरिसची असेल गो,” काका म्हणाले, “पण तिला मराठी येतं.”

त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. पण मग एका शनिवारी सरावाच्या वेळी त्याच मुलीने त्यांना कीबोर्डवरचं एक बटण दाखवलं. बोटं काळी दोनमध्येच ठेवायची, बटण दाबायचं, सूर हवा तिथे सरकतो. काकांनी ते दाबलं. परत दाबलं. आजूबाजूला कुणी बघत नाहीसं पाहून आणखी दोनदा दाबलं. “टिळकांना हे मिळायला हवं होतं,” एवढंच पुटपुटले.

पुनरुत्थानाच्या रविवारी काका कीबोर्डवर बसले. पेटी शेजारी, दुलईत गुंडाळलेली. पहिलंच गायन टिळकांचं, मागे ड्रम बेताने. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बायका मोकळ्या गळ्याने गायल्या. काकांचा उजवा हात पट्ट्यांवर सफाईने फिरत होता. डावा हात कीबोर्डच्या मागे, भाता असायला हवा होता तिथे, रिकाम्या जागी इमानेइतबारे हवा मारत होता.