अण्णांचं सस्पेन्स खातं

२०२५ची रामनवमी रविवारी आली होती. देवळातून आणलेला सुंठवडा इमारतीत वाटत मी दुसऱ्या मजल्यावर अण्णांकडे गेलो, तर अण्णांनी हातच पुढे केला नाही. दाढी केलेली नव्हती, अंगात नुसता बनियन, आणि रविवारचा पेपर घडी न मोडता टीपॉयवर पडलेला. मी चरकलो. आमच्या डोंबिवलीत निवृत्त माणसानं रविवारचा पेपर उघडला नाही, म्हणजे एकतर त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असतं, नाहीतर घरातलं कुणीतरी गेलेलं असतं.

"कोण?" मी माईंना हळूच विचारलं.

"प्रद्युम्न," माई म्हणाल्या आणि सुंठवड्याची पुडी माझ्या हातातून घेऊन आत गेल्या.

या नावाचा त्यांचा कुणी भाचा-पुतण्या मला आठवेना. मग समोरच्या बंद टीव्हीकडे नजर गेली आणि उलगडा झाला. एसीपी प्रद्युम्न! 'सीआयडी'तले. बार्बोसा नावाच्या खलनायकानं घडवलेल्या स्फोटात ते गेले, असं वाहिनीनं जाहीर करून टाकलं होतं. तेही कसं, तर श्रद्धांजलीचा फोटो लावून आणि खाली १९९८ ते २०२५ अशी सालं टाकून.

"सत्तावीस वर्षांचा एसीपी?" अण्णांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मालिका कधी जन्मली आणि माणूस कधी जन्मला, एवढा हिशेब ज्यांना येत नाही, ते कुणाचं मरण काय लिहिणार!"

असे अण्णा प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. त्यांची पहिली खूण ही, की ते मालिका बघत नाहीत. मालिका बायका बघतात. हे 'कार्यक्रम' बघतात. मालिका बघताना मध्ये बोललं तर चालतं, कार्यक्रम बघताना बोललं तर घरातल्या माणसाला "तुला काही गांभीर्य आहे का?" असं ऐकून घ्यावं लागतं. दुसरी खूण, त्यांना खुनी पाचव्या मिनिटाला कळलेला असतो आणि तो नेहमी नोकर असतो. शेवटी खुनी नोकर निघाला नाही, तर चूक लेखकाची असते. तिसरी खूण सांगत नाही, कारण ती माझ्यातही आहे.

अण्णांचं एसीपींशी नातं मात्र नुसतं प्रेक्षकाचं नाही. ते भाऊबंदकीचं आहे, आणि तिचं मूळ बँकेत आहे. एसीपींचं काम करणारे शिवाजी साटम अभिनयात येण्याआधी बँकेत नोकरीला होते. अण्णाही बँकेतच, पण दुसऱ्या. आयुष्यभर कॅश काउंटरवर. साटम आंतरबँक नाट्यस्पर्धांतून पुढे आले, आणि अण्णांनीही अशाच एका स्पर्धेत हवालदाराचं काम केलं होतं. संवाद एकच होता, "साहेब, बाहेर कुणीतरी आलंय." त्यामुळे पडद्यावर एसीपी बोटं फिरवत विचार करू लागले, की अण्णांच्या चेहऱ्यावर भाव असा, की बढती दोन वर्षं आधी मिळाली असती तर तिथे आज आपण असतो. "तो हात बघ," ते मला म्हणत, "नोटा मोजलेला हात आहे तो. असा हात अभिनयानं येत नाही."

१९९८च्या जानेवारीत कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून अण्णांची हजेरी. २००४ साली 'सीआयडी'वाल्यांनी एकशे अकरा मिनिटांचा एक भाग एकाच टेकमध्ये, मध्ये कुठेही न तोडता चित्रित केला आणि विक्रम केला. अण्णांनी ठरवलं, कॅमेरा थांबत नाही तर आपणही जागचं उठायचं नाही. तेव्हा ते पन्नाशीत होते, म्हणून निभावलं. २०१८च्या ऑक्टोबरात कार्यक्रम बंद झाला, तेव्हा त्यांनी तेही निवृत्तीसारखं सोसलं. २०२४च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाला, तेव्हा पेन्शनमध्ये फरकाची रक्कम जमा झाल्यासारखा त्यांचा चेहरा होता. आणि साडेतीन महिन्यांत हे!

दुपारी इमारतीतली मंडळी भेटायला आली. हसायलाच आली होती, पण अण्णांपुढे बसल्यावर एकेकाचा आवाज आपोआप खाली गेला. "कसं झालं?" "कुणाला आधी कळलं?" "इन्स्पेक्टर दया जवळ होता का?" भेटायला गेल्यावर विचारायचे प्रश्न आपल्याकडे ठरलेले आहेत, माणूस कुठला गेला त्यावर ते अवलंबून नसतात. तिसऱ्या मजल्यावरचे काका तर "वय काय होतं हो?" असंही विचारून बसले. अण्णांनी त्यांना १९९८ दाखवलं.

माई हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. चहा देत होत्या, बोलत नव्हत्या. त्यांचं न बोलणं कशाचं होतं, हे कळायला चोवीस वर्षं मागे जावं लागेल.

२००१ साली 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मधला तुळशीचा नवरा मिहिर विरानी गेला होता. तेव्हा रात्री साडेदहाला आमच्या इमारतीतल्या नळाचं पाणीसुद्धा आवाज न करता पडायचं. मिहिर गेला आणि देशभर बायका हवालदिल झाल्या. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका आपल्या घरी येऊन रडल्याचा किस्सा मिहिरचं काम करणाऱ्या अमर उपाध्यायनं पुढे मुलाखतींत सांगितला आहे. माई तेवढ्यापर्यंत गेल्या नाहीत. त्यांनी फक्त दुसऱ्या दिवशी वरणाला फोडणी दिली नाही. एवढ्यावरून अण्णांनी त्यांना आठवडाभर पिडलं. जेवताना "तुळशीला पेन्शन बसली का गं?" बाजारात निघताना "मिहिरच्या बाराव्याला काही आणायचंय?" ऑफिसातून फोन करूनसुद्धा विचारलं म्हणे. मग लोकांच्या आक्रोशापुढे निर्मात्यांनी हात टेकले आणि मिहिर जिवंत परत आला. पुढे मिहिरचा चेहराही बदलला, एकदा नव्हे, दोनदा. माईंनी ते निमूट स्वीकारलं. "संसारात माणूस बदलतोच," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि म्हणताना अण्णांकडे बघितलं होतं.

तर आता माईंची पाळी होती. आम्ही सगळे वाट बघत होतो. त्या चहाचे कप उचलायला आल्या, अण्णांसमोर थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, आज वरणाला फोडणी देऊ ना?"

बस. पुन्हा त्या विषयावर त्यांनी शब्द काढला नाही.

अण्णा दोन दिवस घुम्यासारखे राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून माझ्याकडे आले. हातात बँकेची जुनी डायरी. शोक संपून तपास सुरू झाला होता.

"अरे, बॉडी दिसली का?"

"अण्णा, बॉम्बस्फोट..."

"डॉक्टर साळुंखेंनी तपासली का? सत्तावीस वर्षं हा माणूस दातावरून नाव सांगतोय, नखावरून गाव सांगतोय. त्याच्या टेबलावर बॉडी गेल्याशिवाय सीआयडीत कुणी मेलेलं धरत नाहीत. पोटच्या पोराला, नकुलला, कर्तव्यापायी गोळी घालणारा माणूस असा फुकट जाईल?" मग आवाज उतरवून, "आणि हे बघ." पेपरातलं एक कात्रण. साटमांनी कुणाला तरी सांगितलं होतं, की आपण सध्या थोडी सुट्टी घेतली आहे आणि पुढचं निर्मात्यांना ठाऊक.

"सुट्टी!" अण्णा म्हणाले. "मेलेला माणूस रजेचा अर्ज देतो का? ही अर्जित रजा आहे. साठली असणार, सत्तावीस वर्षांची!"

मग त्यांनी मला सस्पेन्स खातं समजावून सांगितलं. संध्याकाळी कॅश जुळवताना एखादी रक्कम कुठल्याच खात्यात बसत नाही. जमा कुणाची, नावे कुणाची, पत्ता लागत नाही. ती फेकून देता येत नाही आणि खिशात तर घालताच येत नाही. मग ती सस्पेन्स खात्याला टाकायची आणि घरी जायचं. कधीतरी तिचा धनी सापडतो, नोंद उलटवायची, खातं साफ. "एसीपी सस्पेन्सला टाकलेत. मयत खातेदारात नाही. मयतासाठी दाखला लागतो, फोटो चालत नाही."

दरम्यान पार्थ समथान हा तरणाबांड अभिनेता एसीपी आयुष्मान म्हणून खुर्चीत आला. मला वाटलं, अण्णा त्याला बघणारच नाहीत. पण ते नेमानं बघत होते. "नॉमिनी आहे तो," ते म्हणाले. "नॉमिनी मालक नसतो, नुसता सांभाळणारा असतो. पब्लिकला हे कधी कळत नाही. काउंटरवर भांडायला येतात." पोरगा वाईट नाही, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं. फक्त हात नोटा मोजलेला नव्हता.

या सगळ्या प्रकरणावर मी इमारतीत बरंच हसलो, चार ठिकाणी रंगवूनही सांगितलं. एकदा जिन्यात माईंनाच सांगत होतो, तर त्या पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "फ्रेडरिक्स गेला तेव्हाचं आठवतं का तुम्हाला?"

'सीआयडी'त फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस २०२३च्या डिसेंबरात गेले. खरेखुरे. वय सत्तावन्न. तेव्हा तर कार्यक्रम बंदच होता, जुने भाग लागायचे. अण्णांना बातमी कळली, तर त्यांनी दाढी केली, जेवले, बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. कुणाला फोन नाही, डायरी नाही, वाहिनीच्या नावानं बोटं मोडणं नाही. रात्री जुना भाग लागला. फ्रेडरिक्स बायकोच्या धाकाचं काहीतरी बरळत होता, एसीपी त्याच्यावर खेकसत होते. अण्णांनी आवाज बंद केला आणि नुसतं चित्र बघत बसले. भाग संपल्यावर उठले आणि झोपायला गेले.

"खरं गेलं ना, की हे गप्प बसतात," माई म्हणाल्या आणि पिशवी उचलून वर गेल्या.

आंबे संपत आले असताना एका रात्री माझ्या दारावर थाप पडली. बेल असताना थाप, म्हणजे कुणीतरी 'सीआयडी'तल्या दारं तोडणाऱ्या दयाचं काम करत होतं. अण्णा होते. एसीपी परतले होते, जिवंत, बोटं फिरवत. नॉमिनीनं खुर्ची सोडली होती.

"नोंद उलटली," अण्णा म्हणाले. आनंदानं त्यांना पुढे सुचेना. मग म्हणाले, "अरे, त्या दिवशीचा तो सुंठवडा... तो कुणी खाल्ला रे?"

मी त्यांच्याबरोबर खाली गेलो. माईंनी काही न विचारता फडताळातला स्टीलचा डबा काढला आणि त्यातून रामनवमीची पुडी काढून अण्णांच्या तळहातावर ठेवली. दोन महिने त्यांनी ती जपली होती. "मला माहीत होतं लागणार ते," त्या म्हणाल्या, "मिहिरच्या वेळेपासून."

सुक्या खोबऱ्याचा खवट वास माझ्यापर्यंत आला. अण्णांनी हात कपाळाला लावला, सुंठवडा तोंडात टाकला, आणि चेहरा वाकडा न करता शेवटपर्यंत चावून खाल्ला.