सनदी सुईण

पदवी पदरात पडल्यापासून सनद हाती येईपर्यंत जे चार महिने गेले, त्या अवधीत आमच्या रिहे गावातली माणसे मला 'डॉक्टर' म्हणत असत, आणि ही गोष्ट सर्वथा असत्य आहे हे पक्के ठाऊक असूनही मी तिचे निराकरण करण्याची तसदी घेतली नाही, ही कबुली आधीच देऊन टाकतो. तसे पाहू गेल्यास दोष माझ्या एकट्याचा नव्हे. ज्या गावात म्हशीला सुई टोचणारा डॉक्टर, बाजारच्या दिवशी दाढा उपटणारा डॉक्टर आणि औषधांच्या दुकानात फळीवरची बाटली काढून देणारा पोऱ्याही डॉक्टर, त्या गावाने चार वर्षे पुण्यात पांढरा कोट घालून आलेल्या माणसास दुसरे काय म्हणावे? मी एवढेच करी की, 'डॉक्टर' अशी हाक आली म्हणजे किंचित खाली पाहून स्मित करी. आणि असले विनयशील स्मित खोट्या साक्षीहूनही अधिक उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे.

रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन मी सकाळी देवळाच्या पारावर बसू लागलो. एका आजोबांचा दाब मी 'एकशेतीसवर ऐंशी' असा गंभीर आवाजात सांगितला, तेव्हा त्यांनी तितक्याच गंभीरपणे विचारले, "कितीपैकी?" पण असल्या प्रश्नांनी माझा तोरा उतरण्यासारखा नव्हता. तो उतरविण्यास खुद्द सनदच यावी लागली.

सनद हा शब्द आमच्या मुलखात हलका मानीत नाहीत. पूर्वी सनदेवर गावे मिळत, वतने चालत आणि भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या कज्जे लढत. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने पदवी दिली, तरी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या दप्तरी नाव दाखल होईपर्यंत तुम्ही कायद्याच्या दृष्टीने कोणीच नसता. ज्या कायद्यान्वये हे नाव दाखल होते, त्याचे नाव 'महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६'; म्हणजे मिशा असलेला मनुष्य या कायद्यात शिरतो तो व्याकरणाच्या मागच्या दाराने. मुंबईला कौन्सिलच्या कार्यालयात मी गेलो तेव्हा माझ्या थैलीत मूळ दाखले होते, त्यांच्या साक्षांकित प्रती होत्या आणि तीन मनुष्ये होती. तिसऱ्या बाबीचा खुलासा केला पाहिजे. बारावीत असताना एका अंकशास्त्रवेत्त्याच्या सल्ल्यावरून मी आपल्या इंग्रजी नावात एक जादा 'ए' घुसडला होता; त्यायोगे भाग्योदय व्हावयाचा होता. तो असा झाला की, दहावीच्या प्रमाणपत्रावर एक मनुष्य, आधारकार्डावर दुसरा आणि पदवीच्या कागदावर तिसराच उभा राहिला. आणि सदरहू तिन्ही इसम एकच असून तो इसम मीच, असे मला पौडास जाऊन मुद्रांकाच्या कागदावर शपथपूर्वक लिहून द्यावे लागले. शपथेवर खरे बोलण्याचा त्या चार महिन्यांतला माझा तो एकमेव प्रसंग.

अखेर सनद आली. संध्याकाळी घरची सर्व मंडळी ओसरीवर जमवून मी ती उच्चस्वराने वाचली आणि शेवटी आपल्या नावापुढे यापुढे कोणती अक्षरे लागणार हेही सांगितले : आर.एन.आर.एम. वडिलांनी अर्थ विचारला. पहिल्या दोन अक्षरांची नोंदणीकृत परिचर्यातज्ज्ञ अशी फोड करून मी सहीसलामत सुटलो. पुढच्या दोन अक्षरांत जे 'मिडवाइफ' होते त्यासाठी मी 'प्रसविका' हा भारदस्त शब्द योजून पाहिला. परंतु आजी खांबाला टेकून बसली होती आणि तिला असल्या शब्दांचे भय वाटत नाही. "म्हंजी काय रं?" तिने विचारले. बाळंतपण करण्याचा अधिकार असलेली व्यक्ती, असे मी चाचरत म्हणालो.

"म्हंजी सुईण की रं!" आजी म्हणाली.

धाकटी बहीण हसत हसत परसात गेली ती बराच वेळ आत आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ही वार्ता घोटावड्यापासून खांबोलीपर्यंत सबंध खोऱ्यात पोहोचली, आणि पारावर दाब मोजून घ्यावयास कोणी फिरकले नाही.

येथे हे सांगणे भाग आहे की आजी स्वतः सुईण. खोऱ्यात धड रस्ता नव्हता आणि आषाढात ओढे चढले म्हणजे पलीकडची वाडी परमुलूख होत असे, त्या काळातली. पुढे केव्हातरी आरोग्य केंद्रात दाईंचे शिक्षण झाले, तेव्हा मिळालेला ॲल्युमिनियमचा डबा अजून फडताळात आहे. ब्लेड, दोरा आणि साबण यांच्या जागी आता तीत नव्हे, त्यात रिळे आणि बटणे असतात. (डबा पुल्लिंगी आहे, पण आजीची वस्तू म्हटली की माझे लिंगभान सुटते, आणि सनद मिळाल्यापासून तर ते डळमळीतच आहे.) तिने मला व्यवसायबंधूच्या आपुलकीने विचारले, "किती क्येलीस?"

"वीस," मी म्हणालो. अभ्यासक्रमाचा नियमच तसा होता, आणि प्रत्येकाची वहीत सहीनिशी नोंद. आणि त्या विसांसाठीही, बाळंतिणीच्या सासवा मला पडद्याबाहेर काढीत असताना, मी कशी चिकाटी धरली हे मी सांगणार होतो.

"ईसच?" आजी म्हणाली. जरा वेळाने तिने पुन्हा विचारले, "आन् वहीत सही कुनाची? बाळंतिनीची घेत्यात का?"

शिकविणाऱ्या बाईंची घेतात, असे मी सांगितले. आजीने यावर काही म्हटले नाही.

आमच्या पाठ्यपुस्तकात काशीबाई गणपत यांचे नाव येते. मुंबईत परिचर्येचे शिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री, साल १८९१. परीक्षेपुरते ते आम्ही घोकीत असू. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाई रानड्यांनी विधवांना परिचर्या शिकण्यासाठी ससून रुग्णालयात धाडले, तेव्हा पेठापेठांतून कोणती कुजबुज झाली असेल याची कल्पना करण्यास फारशी प्रतिभा लागत नाही. त्या बायांनी ज्या दाराशी टोमणे सोसले, त्या दाराने मी शंभराहून अधिक वर्षांनी आत जातो आणि 'सुईण' म्हटल्याबरोबर माझा चेहरा पडतो. हे लिहितानाही तो थोडा पडलेला आहे.

नोकरीच्या शोधाचे वर्णन मी लांबवीत नाही. एका खाजगी रुग्णालयात (नाव कशाला?) प्रथम अनुभव विचारला, तो नाही म्हणताच हायसे वाटल्यासारखे केले, आणि दोन वर्षांच्या करारावर सही घेऊन माझी मूळ कागदपत्रे अनामत म्हणून पोलादी कपाटात बंद केली, माझे तिन्ही इसम एका कुलपात गेले. पगाराचा आकडा असा होता की, पिरंगुटच्या कारखान्यात खोकी उचलणाऱ्या माझ्या बालमित्राने तो ऐकून मला चहा पाजला आणि पैसे देऊ दिले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने २०१६ साली स्पष्ट लिहून ठेवले आहे की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयाने परिचारिकेस सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी महिना वीस हजारांखाली जाऊ नये. परंतु ही शिफारस आहे. आणि शिफारस म्हणजे ज्याच्यापाशी करावयाची त्याच्या मर्जीवर सोडलेले सत्य. रात्रपाळीला एकट्या माणसाकडे निम्मा वॉर्ड देणारे हात वेतनाच्या वेळी इतके आखडते कसे होतात, हे मला अद्याप उलगडलेले नाही, आणि या एका बाबतीत मला विनोदही सुचत नाही. माझे दोन वर्गबंधू तर कंटाळून जर्मन शिकू लागले आहेत. तिकडेही परिचारिकेस 'श्वेस्टर' म्हणजे बहीणच म्हणत आले आहेत, हे कळल्यावर मी तो नाद सोडला. कारण बहीण व्हावयाचे तर ते पुण्यात होण्याचीही सोय होती. पहिल्याच रात्री सात नंबरच्या आजोबांनी "सिस्टर, ओ सिस्टर" असा टाहो फोडला, आणि मी समोर जाऊन "मी ब्रदर" असे म्हणताच ते म्हणाले, "असशील बाबा, पण सिस्टर, आधी भांडं दे."

आता बिछान्याविषयी. संपादकांस हा मजकूर गाळावासा वाटेल, पण त्याखातरच मी लेखणी उचलली आहे. परिचर्येच्या पहिल्या वर्षी जी विद्या शिकवितात ती सुईची नव्हे, औषधाचीही नव्हे, ती बिछान्याची. बिछाना बंद असतो, उघडा असतो, रुग्णासकट असतो. शस्त्रक्रियेहून येणाऱ्याचा निराळा, दम लागलेल्या हृद्रोग्याचा निराळा, हाड मोडलेल्याचा निराळा, पाय कापलेल्याचा त्याहून निराळा. नाइटिंगेलबाईंनी १८५९ च्या आपल्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्ये एक सबंध प्रकरण बिछान्यासाठी राखून ठेवले आहे, यावरून मी एकटाच वेडा नाही हे सिद्ध व्हावे. गादीवर चादर, मध्यावर रबरी मॅकिन्टॉश, तीवर आडवी ड्रॉ-शीट; आणि चादरीच्या टोकाला पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली सारलेला तो एन्व्हलप कॉर्नर, ज्याला आम्ही पाकिटाची घडी म्हणत असू. ही घडी मला साधली तेव्हा जो आनंद झाला, तो पुढे पदवीने झाला नाही. सुटीत घरी आलो की मी सर्वांची अंथरुणे घालू लागलो. परंतु आमच्याकडे निजायला वाकळ, आणि जुन्या लुगड्यांचे सात थर टाचून केलेल्या वाकळेला कोपरा म्हणून काढता येत नाही. तिला चार दिशा असतात, पण कोपरा एकही नसतो. मी दोन रात्री झगडलो. तिसऱ्या रात्री वडिलांनी दिवा मालवला.

आमच्या बाई तपासणीला येत तेव्हा डोळ्यांनी पाहत नसत. तळहात चादरीवरून सावकाश फिरवीत. सुरकुती लागली की सगळे उलगडून पुन्हा. तेव्हा हा छळ वाटे. निजून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली, टाचेखाली, खवाट्याखाली दाबलेल्या कातडीस रक्त पोहोचत नाही, चादरीची एक वळकटी तिथे सुरीचे काम करते, आणि दर दोन तासांनी कूस पालटली नाही तर जिवंत माणसाचे मांस आत झडू लागते, हे पुस्तकात आहेच. पण मला ते उमजले अरुणा शानबाग यांची हकीकत वाचून. परळच्या के.ई.एम.मधली ही परिचारिका १९७३ साली तिथेच झालेल्या अत्याचारानंतर निजली ती २०१५ पर्यंत उठली नाही, आणि तिच्यामागून नोकरीस लागलेल्या, तिला चालताबोलता कधी न पाहिलेल्या परिचारिकांनीही तिला न्हाऊमाखू घातले, भरविले, कुशीवर वळविले. तिच्या दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला तेव्हा रुग्णालयाने सांगितले की, छत्तीस वर्षांत तिला एकदाही शय्याव्रण झाला नाही. छत्तीस वर्षे, दर दोन तासांनी. त्याचा हिशेब मी एकदा रात्रपाळीला पाळीबदलाच्या वहीच्या मागच्या पानावर करू लागलो आणि अर्ध्यावर थांबलो.

यंदा आवणीसाठी दोन दिवसांची रजा काढून गावी गेलो. महिन्यापूर्वी ओल्या अंगणात घसरून आजीचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया होऊन ती खाटेवर होती. पुण्याहून मी दोन पांढऱ्या चादरी आणि एक मॅकिन्टॉश आणले होते. वाकळ काढून टाकली, रुग्णासकटचा बिछाना यथाशास्त्र घातला, वरची चादर पायथ्याशी पाकिटासारखी दुमडून घट्ट खोचली, आणि दाराशी चिखलाच्या पायांनी उभ्या असलेल्या आईकडे पाहिले. आजीने चांगला पाय हलवून पाहिला. तो हलेना. त्या घडीला काय म्हणतात हे मी तिला हौसेने सांगितले होते, ती माझी चूक.

"मला काय टपालात टाकायची हाय व्हय रं?" ती म्हणाली.

मग मी बाईंची आठवण करून तिला कुशीवर घेतले आणि पाठ तपासली. माकडहाडावरून तळहात फिरवला. टाचा पाहिल्या. कोठे लाल ठिपकासुद्धा नव्हता. आईला विचारले, कूस कधी पालटतेस, घड्याळ लावतेस काय? आई म्हणाली, "घड्याळ कुठलं? चुलीवरून उठले की वळवते, धार काढून आले की वळवते, खाचरातनं आले की वळवते. रात्री जाग येती तवा."

आजीला सनद पुन्हा पाहावयाची होती. मोबाइलमधले चित्र मोठे करून दाखविले. शिक्का बरा उमटला आहे, असे तिचे मत पडले. "मुदत किती हिची?"

पाच वर्षे, मी सांगितले. मग नूतनीकरण करावे लागते.

"म्हंजी पाच वर्सांनी इसराया व्हतं का काय?"

मी पायथ्याचा कोपरा सोडला. तिने पाय बाहेर काढला आणि ती पंचेचाळीस अंशांची घडी टाचेने लोटीत लोटीत पार खाटेखाली पाडली.