सर्वसामान्य माणसाच्या मनातला प्रश्न

आकाशवाणीच्या बहुतेक केंद्रांवर हा निवेदक सापडतो. साहित्याच्या मुलाखती एकाने धरून ठेवलेल्या, शेतीच्या दुसऱ्याने. उरलेला ‘उद्योग आणि अर्थकारण’ याच्या गळ्यात पडलेला. मूळचा मराठीचा एम. ए. आवाज भरदार. ‘राजकोषीय तूट’ हे दोन शब्द असे उच्चारतो, की ऐकणाऱ्याला आपल्याकडेही थोडी असावी असं वाटतं.

तयारी मात्र कसून करतो, आणि केलेली तयारी वाया जाऊ देत नाही. अर्थसंकल्पावर बोलायला सीए आले की पहिला प्रश्न पेशवाईपासून नसला तरी 1943 पासून नक्की सुरू होतो. त्या साली चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. 1999 मध्ये यशवंत सिन्हांनी संध्याकाळी पाचचा अर्थसंकल्प सकाळी अकराला आणला. 2017 मध्ये तो 1 फेब्रुवारीला आला आणि रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प त्यातच विरून गेला. हे सगळं एका दमात सांगून तो थांबतो. ‘तर सर, याविषयी काय सांगाल?’ सर काय सांगणार? ‘अगदी बरोबर आहे,’ म्हणतात.

उद्योजक आले की पंचाईत वेगळी. जाहिरात होता कामा नये हा दंडक, आणि पाहुणे तर त्याच आशेने इस्त्रीचे कपडे घालून आलेले. एकदा मसाल्याचा कारखाना चालवणाऱ्या ताई आल्या होत्या. ‘ताई, मसाल्याचं नाव घेऊ नका हं.’ ताईंनी मसाल्याला स्वतःचंच आडनाव दिलेलं! त्यामुळे मुलाखतभर त्या नुसत्या ‘ताई’ राहिल्या आणि शेवटी ‘आपण ऐकत होतात एका यशस्वी उद्योजिकेचं मनोगत’ अशी त्यांची बोळवण झाली. बाई मात्र हुशार. याने स्त्रीशक्तीबद्दल विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘शक्ती आहे हो, खेळतं भांडवल नाही. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि वर्षाची मिरची हंगामातच भरावी लागते. पैसे पोत्यात अडकतात, ते सुटेपर्यंत व्याज चालूच.’ इतकं सरळ अर्थशास्त्र त्या स्टुडिओत क्वचितच कुणी बोललं असेल. याचे डोळे चमकले. ‘म्हणजे सर्वसामान्य माणसानं मिरची कधी घ्यावी?’

हा सर्वसामान्य माणूस याच्या सगळ्या मुलाखतींचा नायक. सुरुवातीला तो खरोखरच सर्वसामान्य होता. महागाईने पिचलेला, एवढंच. पुढे त्याला तपशील फुटायला लागले. आधी त्याला बारावीतला मुलगा झाला. मग त्याने दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तोही 2017 मध्ये. मग त्याच्या आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालं. नियमित श्रोत्यांना तो सख्ख्या भावासारखा माहीत झाला.

2025 मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो दर 6.5 वरून 5.5 टक्क्यांवर आला, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब बोलावले होते. रिझर्व्ह बँक इतर बँकांना थोड्या मुदतीसाठी ज्या दराने पैसे देते तो रेपो, इथपर्यंत ठीक चाललं. मग याने आवाज खाली घेतला.

‘साहेब, समजा एखाद्या सर्वसामान्य माणसानं 2017 मध्ये गृहकर्ज घेतलंय. त्याचा हप्ता का कमी होत नाही?’

‘ऑक्टोबर 2019 पासूनची बदलत्या दराची नवी कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधलेली असतात. त्याचं जुन्या पद्धतीचं असणार. बँकेत अर्ज करून बदलून घ्यावं. थोडं शुल्क पडेल.’

‘साधारण किती?’ पेन काढून तो कागदावर लिहायलाच लागला. काचेपलीकडचा तंत्रज्ञ खुणा करतोय, कागदाची खसखस माइकमध्ये येते म्हणून. याचं लक्ष कुठे!

‘आणि त्याच्या आईची ठेव आहे. सात लाख. पतसंस्थेत. व्याज दीड टक्का जास्त मिळतं. बुडालीच तर पाच लाखांपर्यंत विमा आहे ना?’

‘तो विमा बँकांतल्या ठेवींना,’ साहेब म्हणाले. ‘2020 मध्ये त्याची मर्यादा एकाचे पाच लाख झाली. पतसंस्थेला तो लागू नाही.’

ज्या माणसाने कधी दोन शब्दांमध्ये श्वास घ्यायला जागा सोडली नव्हती, तो गप्प झाला. तंत्रज्ञाला वाटलं, लाइन गेली. त्याने सवयीने सतार लावली. ऐन रेपो दरात अर्धं मिनिट भीमपलास वाजला. मला विचाराल तर त्याच्या सगळ्या मुलाखतींत ही सर्वांत चांगली. त्या दिवशी प्रश्न छोटे होते आणि उत्तर त्याला खरोखर हवं होतं.

पुढच्या आठवड्यात थेट फोन-इन होता, विषय म्युच्युअल फंड. तज्ज्ञ आलेख काढून तयार. पहिलाच फोन कुठल्याशा तालुक्याहून एका आजींचा.

‘साहेबांना नाही, मला तुम्हालाच विचारायचंय.’

‘विचारा ना आजी.’

‘त्या सर्वसामान्य माणसाच्या आईची ठेव निघाली का?’

तज्ज्ञांनी गोंधळून याच्याकडे पाहिलं. याने घसा साफ केला.

‘चार लाख मिळालेत, आजी. उरलेले दिवाळीनंतर देतो म्हणालेत.’

‘लिहून घ्या म्हणावं त्यांच्याकडून,’ आजी म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.