वेळापत्रककार साहेब, आमच्या आजीला आवरा!

मा. वेळापत्रककार साहेब,
‘एका दिवसात छत्रपती संभाजीनगर दर्शन’ या सहलीचे आखणीकार यांस,



आपल्या सहलीच्या गाडीत खिडकीची जागा अडवून बसलेल्या एका प्रवाशाविरुद्ध तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. वय ७८, माहेर पैठण, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, नाते : माझी आजी. आपण एवढ्या कष्टाने आखलेल्या कार्यक्रमाचा या बाईंनी एका दिवसात बोऱ्या वाजवला. खासगीत सांगून ती ऐकत नाही, म्हणून जाहीर पत्राची वेळ आली.

आधी आपल्या आखणीचे कौतुक करतो. दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा किल्ला ४५ मिनिटे, भद्रा मारुती १५, घृष्णेश्वर ३०, वेरूळची लेणी जेवणासकट दीड तास, बीबी का मकबरा ३०, पाणचक्की २०. आणि हिमरू शालींचे दुकान, पूर्ण ६० मिनिटे. वेरूळला पाहण्यासाठी खुली लेणी ३४. जेवणाचा अर्धा तास वजा केला, तर एका लेण्याच्या वाट्याला दोन मिनिटेही येत नाहीत. बौद्ध, हिंदू आणि जैन कारागिरांच्या कितीतरी पिढ्या ज्या डोंगरात खपल्या, तो शालींच्या एका दुकानाइतक्या वेळात उरकून दाखवायचा, याला धाडस लागते. ते आपल्यापाशी आहे. आजीपाशी नाही. तिचे गुन्हे क्रमाने मांडतो.

आरोप पहिला : देवगिरीच्या पायथ्याशी टाळाटाळ.

आपल्या मार्गदर्शकाने गाडीतून उतरताच प्रवाशांची फाळणी केली. “वर येणारे माझ्यामागे, न येणारे गाडीत.” आजी दोन्हींकडे गेली नाही. अंधारी भुयारातल्या वटवाघळांना माझा नमस्कार सांगा म्हणाली आणि हत्ती हौदाच्या काठाला सावली बघून टेकली. तिथे बसल्या बसल्या तिने चौकशी सुरू केली : एवढ्या मोठ्या हौदाला पाणी यायचे कुठून, आणि वरच्यांना ते पोहोचवायचे कोण? मग डोंगराकडे तोंड करून हात जोडले, कारण जनार्दनस्वामींची समाधी किल्ल्यावर आहे आणि ते पैठणच्या एकनाथमहाराजांचे गुरू. पैठणच्या लेकीला तेवढे पुरेसे होते.

आपल्या हिशेबात पायथ्याशी राहिलेले प्रवासी म्हणजे रिकामी माणसे. त्या चार-पाच दुखऱ्या गुडघ्यांना जमवून आजीने नाथांची गोष्ट सांगितली. स्वामी या किल्ल्याचे किल्लेदार, नाथ त्यांच्याकडे हिशेब लिहायला. एका पैचा मेळ लागेना म्हणून पठ्ठ्या रात्रभर दिवा जाळून वह्या चाळत बसला, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गोष्ट रंगात आली असताना मार्गदर्शक खाली उतरला आणि शिट्टी मारू लागला. आजी जागची हलली नाही. “नाथांनी एका पैसाठी रात्र घालवली रे बाबा. तुझी पाच मिनिटं काय घेऊन बसलास?” तिच्यापायी गाडी १२ मिनिटे उशिरा सुटली. याची नोंद व्हावी.

भद्रा मारुती आणि घृष्णेश्वर या ठिकाणी मात्र तिच्यावर आरोप नाही. झोपलेल्या मारुतीला “निजू दे बिचाऱ्याला” म्हणून ती लवकर बाहेर आली. घृष्णेश्वरला गाभाऱ्यात जाणाऱ्या पुरुषांनी अंगातला सदरा काढायचा असतो. तो काढून रांगेत उभ्या असलेल्या नातवाच्या बरगड्या मोजण्यात तिचा वेळ गेला. हे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा उभे केले, हे कळल्यावर “बाई होती म्हणून टिकलं” एवढाच शेरा मारून ती गाडीत बसली.

आरोप दुसरा : वेरूळला ३३ लेण्यांचा अवमान.

हा सर्वांत गंभीर. आजीने एकच लेणे पाहिले. सोळावे, कैलास. मार्गदर्शक बाकीची आठवण करून देत होता. दहाव्या लेण्यात छताला दगडातच लाकडी फासळ्या कोरल्यात, बत्तिसाव्यात जैनांची इंद्रसभा आहे, सगळे जीव तोडून सांगत होता. पण बाई दारातच अडल्या. झाले असे, की त्याने राणीची दंतकथा काढली. राजा आजारी पडला, राणीने नवस केला, तो बरा झाला तर शिवाचे मंदिर बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. कारागीर म्हणाले, कळसाला अनेक महिने लागतील. तेव्हा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि त्याने डोंगराच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात केली. आठवड्याच्या आत राणीला कळस दिसला.

“कुठला म्हणालास तो कोकस?”

“पैठणचा, आजी.”

संपले. यापुढे वेळापत्रक गेले खड्ड्यात. ‘कथाकल्पतरू’ लिहिणाऱ्या कृष्ण याज्ञवल्कींनी ही कथा सांगितली आहे, हे मी तिला नंतर सांगितले. त्याचे तिला अप्रूप नव्हते. इतिहास या मंदिराचे श्रेय आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याला देतो, आजी आपल्या माहेरच्या गवंड्याला देते. “पाया खणत बसला असता तर राणी उपाशी मेली असती. शहाणा माणूस. आमच्याकडची माणसं आधी बाईच्या पोटाचा विचार करतात.” आजोबा साताऱ्याकडचे होते, हे इथे नमूद करायला हवे.

आत शिरल्यावर आणखी घोटाळा. लोक हत्तीपाशी, ध्वजस्तंभापाशी फोटो काढून पुढे सरकत होते. आजी अंगणाच्या कडेने चालता चालता उभ्या कातळाशी थबकली. त्यावर टाकीच्या तिरप्या रेघा अजून स्पष्ट दिसतात. तिने हात पुढे केला, पहारेकरी “आजी, हात नका लावू” म्हणाला, तिने तो मागे घेऊन कमरेवर ठेवला आणि नाक टेकेल इतक्या जवळून रेघा पाहिल्या. “जातं टाकवायला यायचा ना वडार, त्याची टाकी अश्शीच पडायची. एक सारखी, दुसरी सारखी. घाई करणाऱ्याची लगेच कळते. इथं कुणी घाई केलेली नाही.” साहेब, हे वाक्य तिने आपल्याला उद्देशून म्हटलेले नव्हते. मी आपल्यापर्यंत पोहोचवतो आहे.

पुढे दक्षिणेच्या भिंतीवरचा रामायणाचा पट. मार्गदर्शकाने तो “हे रामायण, पलीकडे महाभारत” असा आटोपला होता. आजीने चष्मा पुसला आणि एकेक रांग वाचायला घेतली. हे रामराया वनवासाला निघाले. ही सीतामाई, हा मेला रावण, हा जटायू आडवा आला. खालच्या अंगाला वानरे सेतूसाठी दगड वाहताहेत, त्यातल्या एकाचा दगड त्याच्याहून मोठा आहे हेही तिने शोधून काढले. शाळेच्या सहलीतली पोरे तिच्याभोवती गोळा झाली, आणि त्यांचे गुरुजी “दोनाची रांग करा” म्हणून ओरडत राहिले. म्हणजे आजीने एक नव्हे, दोन सहलींची वेळापत्रके बिघडवली. १९८३ साली युनेस्कोने वेरूळला जागतिक वारसा ठरवले, पण अशा आज्यांचा बंदोबस्त कसा करावा, याबद्दल काही सांगून ठेवलेले नाही.

जेवणातही सहकार्य नाही. आपल्या थाळीकडे पाठ फिरवून तिने बाहेरच्या झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली, आणि चालकाला बोलावून वाढले. चालक तेव्हापासून तिच्या बाजूला आहे. त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवू नये.

आरोप तिसरा : ऐतिहासिक वास्तूची बदनामी.

मकबऱ्यापाशी मार्गदर्शकाने सांगितले, की ही दिलरास बानूची, म्हणजे औरंगजेबाच्या बेगमेची कबर, ‘दख्खनचा ताज’. खालचा भाग आणि घुमट संगमरवरी, बाकी चुन्याचा गिलावा. आजीने नाते पक्के करून घेतले : ताजमहालातली मुमताज ही औरंगजेबाची आई, म्हणजे हिची सासू. मग निकाल दिला. “म्हणजे सासूला सगळा संगमरवर आणि सुनेला चुना! बादशहाच्या घरीसुद्धा तेच!” गाडीतल्या सगळ्या सुना हसल्या, सासवा हसल्या नाहीत. परतीच्या प्रवासात वातावरण बिघडले, त्यास आजी जबाबदार आहे.

आरोप चौथा : शालींच्या दुकानावर बहिष्कार.

पाणचक्कीला २० मिनिटे संपली तरी बाई निघेनात. लांबच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून त्यावर जाते फिरवायचे आणि यात्रेकरू-फकिरांसाठी दळायचे, ही युक्ती ऐकून तिने कपाळावर हात मारून घेतला. “आणि आम्ही पहाटे चारला उठून हाताला फोड आणत बसलो!” शालींच्या दुकानाची ६० मिनिटे तिने इथेच खर्च केली. दुकानदाराचे आणि आपले जे काही ठरले असेल, त्यात तिच्याबरोबर इथेच थांबलेल्या आमच्या पाच-सहा जणांमुळे खोट आली असल्यास कळवावे.

आता मुद्द्याचे बोलतो. आजीने एसटीने जायचे ठरवले असते तर ७५ च्या पुढच्यांना तिकीटच नाही. आपल्याकडे पूर्ण पैसे भरून तिने जे पाहिले, ते सगळे आपल्या यादीला डावलून पाहिले. तेव्हा तिला सुधारण्यापेक्षा यादी सुधारणे सोपे जाईल, असे माझे नम्र मत आहे. सहापैकी तीन ठिकाणे गाळा. दुकान तर गाळाच. प्रत्येक थांब्यावर आधी स्वच्छतागृह कुठे ते सांगा, इतिहास मागाहून सांगितला तरी चालेल. ज्येष्ठ माणसे दिवसभर पाणी न पिता सहल करतात, ती स्वच्छतागृहाच्या धास्तीने. गाडीत घडीची चार स्टुले ठेवा. पायथ्याशी थांबणाऱ्यांसाठीही एक मार्गदर्शक द्या, कारण गड पायथ्यावरूनही सांगता येतो. आणि ‘भरभर चला’ ही घोषणा बंद करा. बसल्याशिवाय पाहणे होत नाही, हे डोळ्यांना कळायला वेळ लागतो, गुडघ्यांना आधी कळते.

आपण हे करणार नाही, याची मला खात्री आहे. म्हणून शेवटचे चार शब्द हे पत्र वाचणाऱ्या नातवंडांसाठी. घरात आजी किंवा आजोबा असतील, त्यांचे पाय अजून चालत असतील, तर त्यांना विचारा, कुठे जायचे राहून गेले. उत्तर बहुधा एकाच जागेचे येईल. तेवढ्या एकाच जागी न्या, दिवसभर बसू द्या, आणि बोलू द्या. वेरूळ ठरवलेत, तर लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढे पाहून निघा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एका उपद्रवी प्रवाशाचा नातू