ऑगस्टबाईंच्या पोटात राहिलं तरी कसं!

अहो वहिनी, जरा इकडे या ना कुंपणापाशी. ऐकलंत का, त्या ऑगस्टबाईंना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं! कोण ऑगस्ट काय, अहो ‘द सिक्रेट लाइफ ऑफ बीज’मधल्या, स्यू मंक किडच्या कादंबरीतल्या. तुमच्या सूनबाईंनीच तर दिली मला वाचायला.

ती लिली हो, साउथ कॅरोलिनातली, चौदा वर्षांची. बाप पीचच्या बागेचा मालक, पण पोरीला मक्याच्या कण्यांवर गुडघे टेकून बसवायचा. मेल्याचं नाव नको तिन्हीसांजेला...

तर काय सांगत होते, रोझलीन! लिलीला सांभाळणारी. 1964च्या जुलैत नागरी हक्कांचा कायदा झाला, तशी ही निघाली मतदारयादीत नाव घालायला. वाटेत गोरे टगे आडवे आले, नको ते बोलले. हिनं तंबाखूच्या थुंकीचं भांडं त्यांच्या बुटांवरच ओतलं! काय चेहरे झाले असतील एकेकाचे! पण काळी ना ती. मार तिलाच आणि कोठडीही तिलाच. मार इतका की हॉस्पिटलात न्यावं लागलं. मग लिलीनं खोटा फोन करून पहाऱ्यावरच्या पोलिसाला हटवलं आणि हॉस्पिटलातून तिला पळवलं. आपल्या पोरी साधं दळण आणायला निघत नाहीत!

पोचल्या कुठे, तर तीन काळ्या बहिणींच्या गुलाबी घरात, मधाच्या पेट्यांमध्ये. लिली म्हणाली, मी मावशीकडे व्हर्जिनियाला निघालेय. कसली मावशी न् काय! मधल्या जूनबाईंचा चेहरा तर असा आंबट... गोरी पोर आपल्या घरात कशाला, हेच त्यांच्या मनात. आणि बिचारी मे... नको, तिचं आठवलं की जेवण जात नाही. ती गेली तेव्हा मधपेट्यांवरसुद्धा काळं कापड घातलं हो.

हां, तर ऑगस्ट, थोरली बहीण. लिलीच्या आईला लहानपणी त्यांनीच सांभाळलेलं! पोरीला बघताच ओळखलं, पण चकार शब्द नाही. कामाला लावलं, मध काढायला शिकवलं, ती आपणहून आईबद्दल विचारीपर्यंत थांबल्या. मधमाश्यांचं असंच असतं म्हणे. नवी राणीमाशी थेट पेटीत सोडली तर बाकीच्या तिला मारूनच टाकतात. म्हणून तिला छोट्या पिंजऱ्यात ठेवतात, तोंडाशी साखरेचा गोळा. तो कुरतडून होईपर्यंत बाकीच्यांना तिच्या वासाची सवय होते. ऑगस्टबाईंनी पोरीचं तेच केलं बघा.

2008 साली सिनेमाही आला, क्वीन लतिफा आहे त्यात. आमची जाऊ म्हणते, पुस्तक कशाला, सिनेमाच बघा. मी म्हटलं, सिनेमात एवढी वाट बघायला वेळ कुणाला?

माझ्याच्यानं मेलं दोन तास गप्प राहवलं नसतं! वाचाच तुम्ही. आणि सगळं मी आधीच सांगून टाकलं, हे सूनबाईंना कळू देऊ नका हं.